घरचे गुलाबजाम का बिघडतात? या चुका टाळा

बिघडलेला गुलाबजाम टाकून देऊ नका. आधी सुरीने मधोमध कापा. दर दिवाळीत मला जे फोटो येतात ते सगळे बाहेरून काढलेले असतात. वाटीत चार गोल, काळपट, दिसायला बरे, आणि खाली प्रश्न: ‘मऊ का नाही झाले?’ बाहेरून बघून मला काय कळणार, कपाळ? कापलात तर दोष लगेच दिसतो. मधोमध पांढरट, पिठूळ गाठ असेल तर आच चुकली. वरून सुरकुत्या आणि आत कोरडा असेल तर पाक चुकला. सगळीकडून एकसारखा चिवट असेल आणि दाबला की पुन्हा वर येत असेल, तर मळताना अंगातला सगळा जोर लावलात किंवा मैदा भरमसाट पडला. कापायला काही उरलंच नाही, कढईत नुसता चुरा तरंगतोय, तर मैदा कमी पडला नाहीतर सोडा जास्त झाला.

एवढंच. याच्या पलीकडची चूक क्वचितच कुणी करतं. तरी तीच तीच चूक तीच तीच माणसं दर वर्षी करतात, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

प्रमाण आधी सांगून टाकते, म्हणजे तेवढा एक फोन वाचेल. पाव किलो खव्याला ५० ग्रॅम मैदा, चिमूटभर खायचा सोडा, लागला तर चमचा-दोन चमचे दूध. पाकाला अर्धा किलो साखर आणि साधारण ४०० मिली पाणी. यात मध्यम लिंबापेक्षा बरेच लहान असे पंचवीसेक गुलाबजाम होतात. कुणी मैद्याच्या जोडीला चमचाभर आरारूट घालतं, कुणी थोडं पनीर मळून घालतं. घाला, पण पहिल्यांदाच करत असाल तर साधे करा. आधी साधे नीट जमू देत.

भलताच खवा

दुकानात जाऊन ‘पाव किलो खवा द्या’ एवढंच म्हणून चालत नाही. गुलाबजामचा खवा वेगळा आणि पेढ्याचा वेगळा. गुलाबजामचा मऊ, ओलसर, बोटाने दाबला की खड्डा पडणारा असतो. पेढ्या-बर्फीचा जास्त आटवलेला, कोरडा, रवाळ असतो. भूम, कुंथलगिरी भागातला खवा महाराष्ट्रात नावाजलेला आहे, पण तिथलासुद्धा पेढ्यासाठी कडक केलेला आणलात तर गुलाबजाम तडकणारच. डेअरीवाल्याला ‘गुलाबजामला हवाय’ असं स्पष्ट सांगा. चांगला दुकानदार लगेच वेगळ्या ट्रेकडे हात नेतो. ‘सगळा एकच असतो हो ताई’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

थोडासा खवा तळहातावर चोळून बघायची सवय लावून घ्या. तुपाचा हात व्हायला हवा आणि दुधाचा वास यायला हवा. नियमाप्रमाणे खव्यातलं पाणी सोडून जे काही उरतं त्यात निदान ३० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते, तेव्हा हात कोरडाच राहिला तर काहीतरी गडबड आहे. दिवाळीच्या तोंडावर पिठूळ खवा सर्रास खपवला जातो. शंका आली तर थोडा खवा पाण्यात उकळा, गार करा आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला की समजायचं, आत पिष्ट आहे. तब्येतीचा प्रश्न तर आहेच, पण स्वयंपाकघरातला हिशेबही चुकतो: खव्यात आधीच पीठ, त्यावर तुम्ही आणखी मैदा घालणार, म्हणजे गोट्या तयार.

फ्रीजरमधला खवा असेल तर रात्री खाली काढून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये घालून ‘पटकन मऊ’ करू नका. कडेचं तूप सुटतं, मधला भाग बर्फच राहतो आणि मळायला घेतला की दोन्ही काही केल्या एकजीव होत नाहीत.

मळणं: खव्याला जोर, मैद्याला हलका हात

इथे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. खवा आधी एकटाच मळायचा. परातीत घ्यायचा आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पुढे घासत न्यायचा, गोळा करायचा, पुन्हा घासायचा. सुरुवातीला बोटांना बारीक कण लागतात. सात-आठ मिनिटांनी ते लागेनासे होतात, खवा परातीला चिकटायचा थांबतो आणि हाताला तूप लागायला लागतं. त्या क्षणी थांबायचं. आणखी घासत बसलात तर तूप वेगळं व्हायला लागतं.

मग मैदा आणि सोडा एकत्र चाळून वरून भुरभुरायचा आणि नुसता मिसळून घ्यायचा. इथे कणकेसारखं तिंबायचं नाही. मैद्याला ओल आणि जोर दोन्ही मिळालं की तो चिवट होतो, आणि तो चिवटपणा पाकात कितीही वेळ ठेवला तरी जात नाही. गोळा ओल्या फडक्याखाली दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा. ही पंधरा मिनिटं मैद्याला ओल पिण्यासाठी असतात. ती वाचवणारे लोक नंतर अर्धा तास तडे लिंपत बसतात.

सोडा म्हणजे खरोखर चिमूटच. ‘जास्त घातला की जास्त फुलतील’ हा हिशेब इथे चालत नाही. जास्त सोड्याने गुलाबजाम आधी टम्म फुगतात, मग बसतात, काळे पडतात आणि कधी कधी तुपात फुटून पसरतात.

गोळे वळताना तळहाताला तुपाचं बोट लावा. आधी दाबून, मग हलक्या हाताने फिरवून वळा. वळलेल्या गोळ्यावर केसाएवढीसुद्धा भेग दिसता कामा नये. दिसली तर मळलेल्या सगळ्या पिठाला चमचाभर दूध लावून पुन्हा एकजीव करा. एकेका भेगेवर बोट फिरवून ती मिटत नाही, नुसती लपते आणि तुपात उघडी पडते. आकार लहान ठेवा, कारण तळताना थोडे आणि पाकात आणखी बरेच फुगतात. वळलेले गोळे पंख्याखाली उघडे ठेवू नका.

आणि सगळे गोळे वळून ताटं भरण्याआधी एक गुलाबजाम तळा. एकच. तो पाकात टाका, दहा मिनिटांनी कापा. फुटला तर पिठात चमचाभर मैदा वाढवायची संधी आहे. घट्ट झाला तर दूध घालायची संधी आहे. पंचवीसच्या पंचवीस कढईत सोडल्यावर देवही काही करू शकत नाही. हे मी इतक्या जणींना सांगितलंय आणि इतक्या जणींनी ‘हो हो’ म्हणून सोडून दिलंय की आता मी वादच घालत नाही.

आच: सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात लाडकी

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका वर्षी ठरलं की महाप्रसादाचे गुलाबजाम बाहेरून आणायचे नाहीत, आपणच करायचे. चार किलो खवा आला. खवा उत्तम होता, मळलाही छान. पार्किंगमध्ये सतरंजीवर बसून बायकांनी एकसारखे गोळे वळले. त्या गोळ्यांकडे बघून मला वाटलं, आज काही चिंता नाही. मग आली ती केटररकडची मोठी शेगडी. तिची सगळ्यात बारीक ज्योतसुद्धा आपल्या घरच्या मोठ्या गॅसच्या वर. आणि झारा घेतला एका उत्साही तरुणाने, ज्याला सगळं काम ‘फटाफट’ उरकायचं होतं.

पहिला घाणा पडला आणि दोन मिनिटांत चॉकलेटी झाला. ‘काकू, कलर बघा कसला आलाय!’ मी म्हटलं, एक काप. तो म्हणाला, ‘अहो, पाकात गेल्यावर शिजतील ना आतून.’ म्हटलं, बाबा, पाकात भिजतात, शिजत नाहीत. पण तोवर दुसरा घाणा पडला होता, तिसऱ्याची तयारी होती, आणि आजूबाजूला सगळे ‘वा, काय रंग!’ करत होते. रंगापुढे माझं कोण ऐकतं? निम्मे गुलाबजाम तळून झाल्यावर एका आजींनी चव बघायला म्हणून एक मोडला. वरचा पातळ पापुद्रा तांबडा आणि आत पांढरं, कच्चं पीठ. आजी एवढंच म्हणाल्या, ‘हे गणपतीला द्यायचं का?’

मग धावपळ. उरलेले गोळे ताटात घालून पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांत नेले आणि घरच्या कढयांत मंद आचेवर तळले. आरती झाली, पंगत बसली, वरण-भात झाला, मठ्ठा झाला, आणि गुलाबजाम आले ते पानं उठायच्या बेताला. कच्चे राहिलेले सगळे दुसऱ्या दिवशी कुस्करले, जाड बुडाच्या कढईत तूप आणि दूध घालून आटवले आणि थापून वड्या पाडल्या. त्या वड्यांची कृती लोक अजून विचारतात. झारेवाला तरुण ती कृती ‘सिक्रेट आहे’ म्हणून सांगतो.

आता हे झालं का, ते समजून घ्या. खव्यात दुधाची साखर असते आणि दुधातली प्रथिनं असतात. ही जोडी तापली की फार पटकन तांबूस होते. म्हणजे रंग येणं आणि आतून शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रंग नेहमी आधी येतो. उष्णता गोळ्याच्या मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ती सावकाश पोचली तर आतल्या ओलाव्याची वाफ होते, मैदा शिजतो, गोळा फुलतो आणि आत बारीक जाळी पडते. पाक नंतर मुरतो तो याच जाळीत. तूप कडकडीत असेल तर बाहेर आधीच कवच बनतं, गोळ्याला फुलायला जागा मिळत नाही, जाळी पडत नाही, आणि मग तुम्ही तो पाकात दोन दिवस ठेवा, गाठ ती गाठच.

माझी पद्धत सांगते. तूप, किंवा तूप आणि वास नसलेलं तेल निम्मं निम्मं, मध्यम आचेवर तापवायचं, मग गॅस अगदी बारीक करून पाच मिनिटं हात बांधून उभं राहायचं. काहीही करायचं नाही. मग पिठाची हरभऱ्याएवढी गोळी टाकून बघायची. ती तळाशी जायला हवी, क्षणभर तिथेच बसायला हवी, भोवती अगदी बारीक बुडबुडे यायला हवेत आणि मग सावकाश वर यायला हवी. टाकल्या टाकल्या वर उसळली तर तूप जास्त तापलंय. गॅस बंद करा आणि थांबा. तळाशी बसूनच राहिली आणि बुडबुडेच आले नाहीत तर थंड आहे. थर्मामीटर असेल तर १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या मध्ये कुठेतरी सुरुवात करा. माझ्याकडे आहे, पण गोळीवर माझा जास्त विश्वास आहे.

गोळे कडेने हळूच सोडायचे आणि लगेच त्यांना झारा लावायचा नाही. कढईतलं तूप झाऱ्याने कडेकडेने गोल फिरवत राहायचं, म्हणजे गोळे आपोआप गडगडतात. वर आले की स्वतःच पालथे-उताणे व्हायला लागतात. पांढऱ्याचे आधी मोतिया होतात, बराच वेळ तसेच राहतात, आणि इथेच लोकांचा धीर सुटून गॅस मोठा होतो. करू नका. मोतियाचा बदामी होतो, बदामीचा तांबूस. सगळं मिळून सात-आठ मिनिटं तरी जायला हवीत. काढल्यावर आतल्या उष्णतेने रंग थोडा आणखी चढतो, तेव्हा तुम्हाला हव्या असलेल्या रंगाच्या किंचित आधीच काढा.

आणखी एक, जे जवळपास कुणीच पाळत नाही. पहिला घाणा निघाला की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. तळता तळता तूप तापत गेलेलं असतं, आणि त्याच तुपात दुसरा घाणा टाकला की तो लवकर लाल होतो, तिसरा काळा. ‘पहिले छान झाले होते हो, नंतरचे काय झालं कोण जाणे’ असं जी म्हणते, तिने हे थांबणं गाळलेलं असतं. प्रत्येक घाण्याआधी पिठाची गोळी पुन्हा टाकून बघा.

उलट चूकही होते, पण कमी. तूप फारच थंड असेल तर गोळे तळाशी चिकटून एका बाजूने चपटे होतात आणि तूप पितात. कढईत गर्दी केली तरी हेच.

काही जण मधोमध खडीसाखरेचा खडा ठेवतात. तो विरघळून मधे रस होतो, ते छानच लागतं. पण कच्ची गाठ लपवायला म्हणून ठेवत असाल तर कच्च्या पिठाची चव तिथेच राहणार आहे.

पाक: ‘एकतारी’चा हट्ट

आपल्याकडे पाक म्हटलं की डोक्यात एकतारीच येतो, म्हणजे दोन बोटांत धरून ओढला की न तुटणारी एक तार निघते तो. रव्याच्या लाडवांनी लावलेली सवय. आमच्या नात्यातल्या एक बाई आहेत, लाडू असे करतात की बोट लावायची गरज नाही. भाऊबीजेला त्यांनी गुलाबजाम केले. तळणी सुरेख, जाळी सुरेख, रात्री पाकात टाकले. सकाळी डबा उघडला तर सगळे सुकलेल्या बोरासारखे सुरकुतलेले, पाकावर तरंगत. त्यांचा फोन आला तो थेट खव्याला शिव्या देत. मी विचारलं, पाक कसला? तर अभिमानाने, ‘पक्का एकतारी! कच्चा पाक मी ठेवतच नाही.’

घट्ट पाक आत शिरत नाही. उलट तोच गुलाबजाममधलं पाणी बाहेर ओढून घेतो. बाहेर साखर दाट आणि आत ओलावा, की पाणी साखरेकडे जाणार, हा सरळ नियम आहे. कैरीच्या फोडींना साखर लावली की पाणी सुटतं तेही याच नियमाने. म्हणून गुलाबजामचा पाक चिकट हवा, तारेचा नको. साखर विरघळून उकळी आली की मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं. ताटलीवर एक थेंब टाका, गार होऊ द्या आणि मग दोन बोटांत धरा. बोटं चिकटायला हवीत, तार ओढायला गेलात तर तुटायला हवी. ‘गार होऊ द्या’ हे विसरू नका, कारण गरम थेंब नेहमी पातळच वाटतो आणि तेवढ्यावरून लोक आणखी दहा मिनिटं उकळत ठेवतात.

फार पातळ पाकही नको. त्यात गुलाबजाम फुगतात खूप, पण मऊ पडून उचलताना मोडतात आणि गोडीला पाणचट लागतात.

एकतारी झालाच असेल तर रडू नका. गुलाबजाम झाऱ्याने अलगद बाहेर काढा, पाकात अर्धी वाटी गरम पाणी घालून एक उकळी आणा, बोटात पुन्हा तपासा. मग गुलाबजाम आत सोडून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं, आणि गॅस बंद. दोन-तीन तासांनी बऱ्यापैकी सुधारतात. त्या बाईंचे सुधारले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा एकतारीच केला, ते सोडा.

आता तापमान. उकळता पाक आणि कढईतून काढलेले उकळते गुलाबजाम एकत्र आले की वरची साल सुटते किंवा सुरकुतते. गार पाकात गरम टाकले तर वरवर भिजतात. मी तळलेले गुलाबजाम चाळणीत दोन मिनिटं निथळू देते, आणि पाक इतका गरम ठेवते की बोट बुडवलं तर चटका न बसता पटकन काढावंसं वाटेल. बाजूच्या शेगडीवर झाकून, अधूनमधून तापवून ठेवायचा. फार वेळ तापत राहिला तर पाणी उडून तो गुपचूप एकतारीकडे जातो. तेव्हा मधेच एकदा बोटात बघायचा आणि लागलं तर गरम पाण्याचा हबका द्यायचा.

पातेलं पसरट घ्या. उभट डब्यात खालचे गुलाबजाम वरच्यांच्या वजनाने चेपतात. चमच्याने ढवळू नका, पातेलंच धरून हलकं हलवा. आणि तीन-चार तास द्या. अर्ध्या तासात पाहुणे येणार असतील तर शिरा करा.

साखर पाकात पुन्हा खडे धरत असेल तर साखर विरघळल्यानंतर ढवळणं थांबवा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. आंबटाने साखरेचा काही भाग मोडून तिच्यापासून अशा दोन साखरा होतात ज्या खडे धरू देत नाहीत. साखर मळकट असेल तर उकळत्या पाकात चमचाभर दूध घाला, वर मळी येते, ती काढा. लिंबू त्यानंतर.

वेलची, केशर पाकात सुरुवातीपासून चालतं. गुलाबपाणी गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास स्वयंपाकघरभर आणि पाकात शून्य. आणि चमचाभरच. अत्तर लावून जेवायला बसल्यासारखं वाटता कामा नये.

पाकीट, पाव आणि इतर पळवाटा

तयार पिठाच्या पाकिटाला माझा विरोध नाही. परदेशात शिकणाऱ्या पोरांना खवा कुठून मिळणार? पण पाकीट बिघडतं ते दोनच कारणांनी: पाणी एकदम ओतलं जातं, आणि पीठ तिंबलं जातं. पाणी चमच्याचमच्याने घाला, बोटांच्या टोकांनी गोळा करा, दहा मिनिटं झाकून ठेवा. सुरुवातीला पीठ चिकट वाटतं, घाबरून वरून मैदा टाकू नका. दूध पावडर पाणी शोषायला वेळ घेते आणि गोळा आपोआप सुधारतो. दूध पावडरीचे घरी करत असाल तरी हेच. हे खव्यापेक्षाही लवकर तांबडे होतात, तेव्हा आच आणखी बारीक.

पावाचे गुलाबजाम मी करत नाही. तो पाकात बुडवलेला तळलेला पाव आहे, आणि पाव म्हणून चांगला लागत असेलही.

काळे जामून हवेत म्हणून आच मोठी करू नका. काळ्या जामूनच्या पिठात थोडी साखर मिसळतात आणि ते जास्त वेळ तळतात, म्हणून रंग गडद येतो. मंद आचेवरच.

मुरायच्या आत फ्रिजमध्ये

पाकात टाकले, तासाभरात झोप आली म्हणून फ्रिजमध्ये ढकलले, आणि सकाळी ‘कडक झाले’ म्हणून फोन. गार झाल्यावर आतलं तूप थिजतं, मैदा घट्ट होतो आणि पाक दाट होऊन आत जायचा थांबतो. आधी बाहेर ठेवून पूर्ण मुरू द्या. मुरल्यावर फ्रिजमध्ये पाकासकट ठेवले तर आठवडाभर छान राहतात. खायच्या आधी वाटीत थोड्या पाकासह मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद ठेवा, नाहीतर पाकासकट पातेलीत कोमट करा. थंडगार गुलाबजामवरून आईस्क्रीम घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, पण गुलाबजाम तरी गरम करा.

उरलेला पाक मोरीत ओतू नका. त्यात तुपाचा आणि वेलचीचा वास उतरलेला असतो. गाळून घ्या आणि शंकरपाळ्यांच्या पिठात दूध-साखरेच्या जागी वापरा, नाहीतर त्यात कणीक भिजवून गोड पुऱ्या करा. शिऱ्यातही चालतो, फक्त त्यात पाणी आहे हे लक्षात ठेवून दूध तेवढं कमी घाला. पुढच्या गुलाबजामसाठी मात्र जपून ठेवू नका. त्यात आधीच्या घाण्याचा चुरा आणि तूप असतं, उकळला की गढूळ होतो, आणि साखरेचं प्रमाण किती राहिलंय ते कुणालाच सांगता येत नाही.